रिकामा डबा कोणत्या रांगेत

आमची पिठाची गिरणी आणि माझ्या मुलीची खोली यांच्यामध्ये एकच भिंत आहे आणि तीही पत्र्याची. अलीकडे मी दळण दळते, पलीकडे ती कंपनीचं काम करते. कंपनी पुण्याला. मुलगी इथे, शेवगाव तालुक्यातल्या आमच्या गावात, खिडकीपाशी कॉम्प्युटर मांडून बसते. मीटिंगमध्ये तिनं माईक चालू केला की तिकडून कोणीतरी विचारायचं, "तुमच्याकडे पाऊस चालू आहे का?" गिरणीचा आवाज त्यांना पावसासारखा ऐकू जायचा. घरी गिरणी आहे हे सांगायला ती लाजायची, म्हणून "हो" म्हणायची. आमच्या बोअरला चार महिने पाणी नसतं, आणि पुण्यातल्या त्या लोकांना वाटायचं की शेवगावकडे वर्षभर कोसळतोय.

लाजणं तिला माझ्याकडून मिळालं. मी चौथीपर्यंत शिकले. शाळेत हजेरीला "हजर" म्हणायचंसुद्धा माझ्यानं होत नसे, मी नुसता हात वर करायचे. लग्न होऊन या घरात आले आणि गिरणी बघून मला बरं वाटलं, कारण ती चालू असली की कोणाशी बोलावंच लागत नाही. गिऱ्हाईक डबा ओट्यावर ठेवतं आणि आपल्या कामाला जातं. मी झाकण उघडायचं, मूठभर धान्य हातात घ्यायचं, बघायचं, ओळखायचं आणि दळायचं. वीस-बावीस वर्षं मी कोणाला "काय आणलंय" म्हणून विचारलेलं नव्हतं. लोकांना वाटायचं, बाईला काय नजर आहे. खरं कारण एवढंच की विचारायला तोंड उघडत नव्हतं.

ओट्यावर तीन रांगा असतात. सकाळी बाजरी-ज्वारीची, मग गव्हाची, आणि सगळ्यात शेवटी हरभऱ्याच्या डाळीची, कारण डाळीचं पीठ दगडाला धरून बसतं. दसरा झाला की गावातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या निघायच्या तयारीला लागतात. चार-पाच महिन्यांसाठी बाहेर पडायचं तर निदान पहिल्या पंधरवड्याचं पीठ सोबत हवं. त्यात दिवाळीच्या भाजण्या. त्या दिवसांत ओट्यावर पाय ठेवायला जागा राहत नाही. मग बायका काय करतात, धान्य अजून निवडायचं असतं तरी रिकामा डबा आणून ठेवतात. डब्यानं नंबर धरायचा, धान्य मागून येणार. हे आमच्याकडे सगळ्यांना मान्य आहे. रिकाम्या डब्याला कोणी हलवत नाही.

यंदा दसऱ्यानंतरची गोष्ट. एक दिवस मुलगी जेवताना भाकरी हातात धरून भिंतीकडे बघत बसली होती. मी म्हणाले, "काय झालं गं?"

"काही न्हाई."

"कोणी बोललं का तुला?"

"कोणी न्हाई बोललं. मीच न्हाई बोलले."

मग तिनं सांगितलं. कंपनीत तिनं एक गोष्ट सुचवली होती, कागदावर नीट लिहून. तिकडचा नियम असा की ज्यानं लिहिलं त्यानं मीटिंगमध्ये उभं राहून ते पटवून द्यायचं. मागच्या सोमवारी तिची पाळी आली. सर म्हणाले, बोला. ती बोललीच नाही. सर म्हणाले, आवाज येत नाहीये बहुतेक, नेटवर्क गेलं असेल. त्यांनी ते काम बाजूला ठेवलं. आता येत्या सोमवारी परत पाळी होती, आणि ही शेवटची. या वेळी बोलली नाही तर तिचं म्हणणं कायमचं फाईलमध्ये जाणार होतं. वर्षभर कंपनीत असून तिनं एकदाही मीटिंगमध्ये स्वतःहून तोंड उघडलेलं नव्हतं.

"पण सुचवलंस काय?" मी विचारलं.

"तुला न्हाई कळायचं, आई."

"न्हाई कळलं तर न्हाई कळलं. सांगून तर बघ. भिंतीला सांगायचीस तर मला सांग."

तिनं भाकरी खाली ठेवली आणि बोटानं ताटात पाणी ओढून चित्र काढायला लागली. म्हणाली, डेटाबेस म्हणजे माहितीचं मोठं कोठार. लोक जे प्रोग्राम लिहितात त्यांना त्या कोठारातून काहीतरी हवं असतं किंवा त्यात काहीतरी ठेवायचं असतं. पण ते थेट आत जात नाहीत. मध्ये एक हमाल असतो. प्रोग्राम त्या हमालाच्या हातात वस्तू देतो, हमाल ती आत नेतो. तो हमाल म्हणजे त्यांची कंपनी लिहिते तो कोड. जी वस्तू हातात देतात तिला पॅरामीटर म्हणतात.

"बरं. मग?"

"आता कोठाराला वस्तूचा प्रकार कळावा लागतो. आकडा आहे, तारीख आहे, का नुसती अक्षरं आहेत. आमचा हमाल वस्तू बघून आपणच ओळखतो आणि आत जाऊन सांगतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याला प्रकार सांगायची सोयच ठेवलेली न्हाई. मी म्हणते, ज्याला सांगायचंय त्याला सांगू द्या."

मी हातातला घास ताटात ठेवला. मग मला हसू यायला लागलं. आधी थोडं आलं, मग थांबेचना. ती रागावली.

"हसतीस काय?"

"अगं, तो हमाल मी हाय की."

मी तिला ओट्यावरचे डबे दाखवले. झाकण उघडते, मूठ घेते, ओळखते, दळते. कोणी काही सांगत नाही, मी काही विचारत नाही. तिला पण हसू फुटलं. आम्ही दोघी इतक्या हसलो की तिचे वडील आतून बाहेर आले, आमच्याकडे बघितलं, आणि काही न विचारता परत गेले. लाजणं त्यांच्याकडेही थोडं आहे.

त्या दिवसापासून मला काय झालं कोण जाणे, मी वेड्यासारखी त्याच विचारात. डबा उचलला की मनात म्हणायची, हा पॅरामीटर आला. दळताना तिला भिंतीवरून हाक मारून विचारायची, "तुमचा हमाल चुकतो का कधी?"

"चुकतो."

"म्हंजी?"

"शोधायला सांगतो ना आपण, तेव्हा लई घोळ होतो. समज, तुझ्या गोण्यांवर किलो लिहिलंय आणि त्या ओळीनं लावल्यात. एक जण येऊन म्हणतो, दोन पायल्यांची गोणी द्या. तू काय करशील?"

"दोन पायल्यांचे किलो किती ते बघीन आणि त्या आकड्याची गोणी काढीन."

"आमच्याकडे काय होतं, हमाल वस्तूचा प्रकार भलताच सांगतो. मग कोठार प्रत्येक गोणी सोडून पायलीनं मोजत बसतं. सगळ्या गोण्या. एका गोणीसाठी."

मी गिरणी बंद केली आणि खाली बसून हसले. एवढं मोठं कोठार, एवढी शिकलेली माणसं, आणि पायली घेऊन गोण्या मोजतायत. मला वाटायचं कॉम्प्युटर म्हणजे काय आणि काय. तो तर आमच्यासारखाच निघाला.

आता माझी चूक सांगते. ती त्याच आठवड्यात झाली, नाहीतर मी एवढी शहाणी झाले नसते. वरच्या वस्तीवरचे दाजी एक डबा मका ठेवून गेले. मी झाकण उघडलं, मका बघितला, छान पिवळा, निवडलेला. आमच्याकडे हल्ली मक्याच्या भाकरी कोणी करत नाही, पण मला वाटलं, घरी पाहुणे असतील, हौस असेल. मी चाक फिरवून दगड जवळ आणले आणि चाळणीतून पडेल असं पीठ काढलं. मलाच आवडलं. दुसऱ्या दिवशी दाजी आले आणि ओट्याखाली उभे राहिले.

"वहिनी, पीठ कसं झालं म्हणून इचारू नका."

मी मान खाली घातली.

"गाय व्यालीय आमची. तिला भरडा घालायचा हुता. घमेलं पुढं ठेवलं, तिनं नाक घातलं आणि अशी शिंकली, अशी शिंकली, की आमच्या मंडळींच्या अंगावर सगळं. गाय पावडर लावून बसलीय वहिनी. वासरू वळखंना तिला."

ओट्यावरच्या बायका लोटपोट झाल्या. मी पदर तोंडात धरला. दाजीही हसत होते, ते बरं. पण नंतर मी एकटी विचार करत बसले. मका बघून मका कळला. मका कशासाठी आहे हे मक्याकडे बघून कसं कळणार? माझी नजर कितीही चांगली असली तरी दाण्यावर लिहिलेलं नसतं की मी गाईसाठी आहे.

मुलीला सांगितलं तर ती उठून उभीच राहिली. "आई, हेच. हेच मला सांगायचंय त्यांना."

"मग सांग की."

लगेच ती खाली बसली. तोंड बारीक झालं. म्हणाली, "सर म्हणतात, आपला हमाल हुशार आहे, शंभरातल्या बहुतेक वेळा बरोबर ओळखतो. लोकांना कशाला जास्तीचं लिहायला लावायचं. लोक वैतागतात."

मला तिच्या सरांचं म्हणणं अगदी ओळखीचं वाटलं, आणि का ते दुसऱ्याच दिवशी कळलं. मी जुन्या लुगड्यांच्या चिंध्या फाडल्या आणि दाराच्या खिळ्याला लावून ठेवल्या. हिरवी बाजरी-ज्वारीची, पांढरी गव्हाची, पिवळी डाळीची. आणि जाड भरडा हवा असेल त्यानं वर लाल. ज्याला सांगायचंय त्यानं डब्याच्या कडीला बांधायची. तोंडानं सांगायला नको, मला विचारायला नको. मला तर ही युक्ती इतकी आवडली की मी दोन वेळा बाहेर जाऊन खिळ्याकडे बघून आले.

शेजारच्या आत्या पहिल्या आल्या. त्या सगळ्या गावाच्या आत्या. माझ्या सासूच्या वयाच्या आणि जिभेला धार.

"हे काय लावलंस गं? जत्रा भरवतीस का?"

मी हळूच सांगितलं.

"म्हंजी आता पीठ दळायला फारम भरायचा? इतकी वर्सं बघून दळलंस, आता काय डोळे गेले तुझे? मी न्हाई बांधायची चिंधी. मी तुला डबा दिला, तू वळख. न्हाईतर गिरणी कशाला घातली?"

"बांधायलाच पायजे असं न्हाई आत्या. ज्याला वाटंल त्यानं."

"मला न्हाई वाटत." आणि त्यांनी आपला डबा ठेवला, झाकण लावलेला, कोपऱ्यात चेपलेला, आणि निघून गेल्या. मी झाकण उघडलं. रिकामा.

मी तो डबा हातात धरून उभी राहिले. आत्या घरी बाजरीही खातात, गहूही. दिवाळीसाठी डाळही दळणार. नंबर धरायचा आहे हे कळलं, पण कोणत्या रांगेत? भरलेला असता तर मूठ घेऊन ओळखलं असतं. रिकाम्या डब्यातून काय मूठ घेणार? मी तो बाजरीच्या रांगेत ठेवला. मग गव्हाच्या. मग परत बाजरीच्या. मग भिंतीवर थाप मारली.

"ए, तुमच्याकडे रिकामा डबा येतो का?"

पलीकडे खुर्ची सरकली. मग ती धावत बाहेर आली, केस सुटलेले, डोळे मोठे. "आई, काय म्हणालीस?"

मी डबा दाखवला.

ती म्हणाली, त्यांच्याकडे येतो. रोज येतो. माहिती द्यायची जागा असते पण माहिती नसते, त्याला नल म्हणतात. हमाल आत डोकावतो, काही दिसत नाही, मग तो आपला ठोकून देतो की ही अक्षरं आहेत. तारखेच्या दारात अक्षरं नेली की कोठार भांडण काढतं आणि परत पाठवतं. "सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच आहेत," ती म्हणाली, "आणि मी कागदावर ते सगळ्यात शेवटी लिहिलंय, खाली, बारीक अक्षरात."

"मग वर घे की."

"कागद आता गेला. आता बोलायचंच आहे."

हे म्हणून ती ओट्यावरचे डबे उगाच सरळ करायला लागली. तोंड उघडायची वेळ आली की काय होतं ते माझ्याइतकं कोणाला माहीत.

सोमवार आला. मीटिंग अकराला. मी ठरवलं होतं की तासभर गिरणी बंद ठेवायची, पोरीला आवाजाचा त्रास नको. पण ओट्यावर सात-आठ बायका बसलेल्या, टोळीवाल्यांच्या दोन दिवसांत गाड्या निघणार. खरं सांगायची लाज वाटली. मी बटण बंद केलं आणि म्हणाले, "लाईट गेली."

आत्या वर बघत म्हणाल्या, "मग पंखा काय आपल्या मनानं फिरतोय?"

"इन्व्हर्टर हाय."

"कधी घेतला?"

"आत्ताच."

"बघू कुठाय?"

मला पुढे खोटं सुचेना. मी खाली बसले आणि आत्यांच्या कानात सगळं सांगितलं. पोरीची पाळी आहे, मागच्या वेळी ती बोलली नाही, आज नाही बोलली तर सगळं वाया. आत्यांनी पदर खोचला. उठल्या, सूप पाखडणाऱ्या बाईचा हात धरला, बांगड्या वाजवणारीकडे डोळे वटारले, आणि तोंडावर बोट ठेवून सगळ्या ओट्यावर फिरल्या. असली शांतता आमच्या गिरणीवर मी कधी ऐकली नव्हती. कोंबडीचं पाऊलसुद्धा वाजत होतं.

पत्र्याच्या भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. तिकडची माणसं निम्मं इंग्रजी, निम्मं मराठी बोलतात. सर म्हणाले, "आज पाऊस थांबलेला दिसतोय."

"हो सर."

"मग करा सुरुवात. पॅरामीटरचा टाईप सांगायची सोय द्यावी का. माझं मत तुम्हाला माहीत आहे. आता तुमचं ऐकू."

आणि मग काही नाही. आम्ही सगळ्या भिंतीला कान लावून. आत्यांचा श्वास माझ्या मानेवर. सर म्हणाले, "हॅलो?" परत काही नाही. "आवाज येतोय का माझा? नेटवर्क गेलं वाटतं परत."

मला काय झालं मला माहीत नाही. मी उठले, बाजरीच्या रांगेतून आत्यांचा तो चेपलेला रिकामा डबा उचलला, मागच्या दारानं तिच्या खोलीत गेले आणि डबा तिच्या टेबलावर, कॉम्प्युटरच्या पुढे ठेवला. मग एकदम लक्षात आलं की समोर कॅमेरा आहे आणि माझा कोपरापर्यंत पिठानं पांढरा झालेला हात पुण्यात दिसला असणार. मी तशीच खाली बसले आणि टेबलाखाली शिरले. वायरी डोक्याला लागत होत्या. समोर मुलीचे पाय होते, मी त्यातला एक धरला.

सर म्हणाले, "हे काय आहे?"

ती म्हणाली, "डबा."

कोणीतरी हसलं, बहुतेक कोणी मुलगी. मी तिचा पाय दाबला.

"रिकामा आहे," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "यात गहू येणार आहे का बाजरी, सांगा सर."

"कसं सांगणार? रिकामा आहे ना."

"तरी आपण सांगतो. रोज सांगतो. आत बघतो, काही दिसत नाही, आणि बाजरी आहे म्हणून आत पाठवतो."

मग ती थांबलीच नाही. मी टेबलाखाली बसून ऐकत होते आणि मला वाटत होतं, हा आवाज कोणाचा. तिनं मका सांगितला, गाय सांगितली, गाईला पावडर लागल्याचं सांगितलं. तिकडे सगळे हसत होते आणि ती हसत हसत मधूनच इंग्रजीत शिरून परत मराठीत येत होती. तिनं पायली आणि गोण्या सांगितल्या. म्हणाली, हमालानं ओळखणं बंद करा असं माझं म्हणणं नाही. ओळखू द्या. पण ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला जागा तरी द्या.

सर म्हणाले, "ठीक. पण माझी एक शंका आहे. त्यानं टाईप चुकीचा लिहिला तर? मग तर आणखी घोटाळा."

मुलगी डब्याची चेपलेली बाजू चाचपायला लागली. आणि तेवढ्यात खिडकीच्या गजांतून आत्यांचं तोंड आत आलं. त्यांना वाटत होतं की आपण कुजबुजतोय. "ए गिरणीवाली," त्या म्हणाल्या, "ही शंका माझीबी हाय. चिंधी चुकीची बांधली म्हंजी?"

मी टेबलाखालून त्यांनाच उत्तर दिलं, दुसऱ्या कोणाला नाही. "आत्या, चिंधी पांढरी आणि आत बाजरी निघाली तर मी वतायच्या आधीच थांबीन की. हाक मारीन. चिंधीच न्हाई, तर मी कशावरनं थांबू? आता माझी चूक मला गाय शिंकल्यावर कळती."

मग सरांचा आवाज आला, "टेबलाखाली कोण आहे?"

मुलगी म्हणाली, "हमाल आहे, सर."

मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं आणि त्याच वेळी एवढं हसू येत होतं की मी तोंडात पदर कोंबला. मुलीचा पायही आता हसण्यानं हलत होता. तिकडे बराच वेळ त्यांचं आपसांत इंग्रजी चाललं. मला त्यातलं "डबा" तेवढं कळत होतं, तो शब्द सगळेच घ्यायला लागले होते. शेवटी सर म्हणाले, "हरकत नाही. सोय देऊ. सांगितलं तर ऐकायचं आणि जुळतंय का ते आधी तपासायचं. नाही सांगितलं तर आत्तासारखं ओळखायचं. आणि रिकामं आलं तर सांगितल्याशिवाय आत न्यायचं नाही. लिहून काढा, तुम्हीच करा हे काम."

"हो सर."

"आणि हमालांना सांगा, मुद्दा चांगला होता. आता पाऊस नाही तोवर संपवून टाका."

माझ्या हातातला तिचा पाय एकदम स्थिर झाला. ती म्हणाली, "सर, तो पाऊस नसतो. आमची पिठाची गिरणी आहे. आज माझ्यासाठी बंद ठेवलीय आईनं. बाहेर बायका खोळंबल्यात."

मी टेबलाखालून बाहेर आले तेव्हा गुडघे धरले होते आणि केसांत कोळिष्टक. मुलगी खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी तो डबा धरून होती. मी जाऊन बटण दाबलं. आत्या ओट्यावर सगळ्यांना सांगत होत्या की साहेबानं आपली शंका जशीच्या तशी विचारली, म्हणजे साहेब हुशार आहे.

आता दिवाळी होऊन गेली, टोळ्या गेल्या, ओटा मोकळा आहे. पोरीचं काम पूर्ण झालं. मीटिंग सुरू झाली की पुण्याहून आता विचारतात, "आज काय दळताय?" आणि ती भिंतीवर थाप मारून मला विचारते, मी ओरडून "ज्वारी" सांगते. मी ओरडते. मलाच नवल वाटतं.

चिंध्या अजून खिळ्याला आहेत. काही जण बांधतात, काही नाही. दाजी कधी विसरत नाहीत, त्यांचा डबा लाल चिंधी बांधूनच येतो, गहू असला तरी. मग मी विचारते आणि ते सोडून घेतात.

काल आत्या आल्या. मी आत पीठ भरत होते. त्यांनी डबा ठेवला आणि देवळाकडे निघून गेल्या. बाहेर येऊन बघते तर कडीला हिरवी, पांढरी, पिवळी आणि लाल, चारही चिंध्या, वर घट्ट गाठ. झाकण उघडलं. रिकामा.

मी गिरणीच्या आवाजावर ओरडले, "आत्या, चारही चिंध्या आणि डबा रिकामा, ह्याचं काय करायचं?" आत्या लांब गेल्या होत्या. भिंतीपलीकडे मात्र मीटिंग चालू होती. थोड्या वेळानं पत्र्यावर थाप पडली आणि पोरगी मोठ्यानं म्हणाली, "आई, सर म्हणतायत, रांगेत घेऊ नका. मालकाला बोलवा."

मी गिरणी बंद केली, डबा कडेवर घेतला आणि देवळाकडे निघाले.